शकिलाचा पाचवा बुरूज

त्र्याण्णवच्या नोव्हेंबरात आमची शाळा मैदानात भरत होती. भूकंप होऊन दीड महिना झाला होता. लातूर शहरात किल्लारीकडच्यासारखी पडझड झाली नव्हती, पण शाळेच्या दोन खोल्यांना भेगा गेल्या होत्या आणि उरलेल्या खोल्यांत पाऊल ठेवायला मुलं तयार नव्हती. खरं सांगायचं तर आम्ही शिक्षकही तयार नव्हतो. लिंबाच्या झाडाखाली सतरंज्या टाकून वर्ग चालत.

मी भूगोल शिकवत असे. नववीला महाराष्ट्राचा नकाशा काढायला दिला होता आणि रांगांमधून फिरत होतो. झाडाच्या बुंध्याजवळ एक मुलगी स्टुलावर बसली होती. तिच्या पायाला प्लास्टर होतं, खाली बसता येत नव्हतं, म्हणून प्रयोगशाळेतलं स्टूल तिच्यासाठी बाहेर आणलं होतं. मांडीवर नकाशा होता, पण तिचे हात नकाशाच्या खाली चालले होते. जवळ जाऊन पाहिलं, तर टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट तिच्या हातात होती आणि तिच्या कडेच्या पितळी पट्ट्या ती खोडरबराने एकेक करून घासत होती.

"हे काय चाललंय?"

"कॅसेट लागंना झालीय सर. पट्ट्या मळल्यात. रबरानं निघतंय."

"आणि नकाशा?"

तिने नकाशा वर करून दाखवला. पूर्ण झाला होता, नद्यांसकट. मांजरा नदीला तिने इतरांपेक्षा जास्त वळणं दिली होती आणि ती बरोबर होती.

"कॅसेट कुणाची?"

"गिऱ्हाइकाची. फेकून द्या म्हणाला. मी म्हणलं, चालू हाय ती फेकायची कशाला."

"चालू कुठे आहे? तूच म्हणालीस लागत नाही."

"लागंल की सर. थोडं राहिलंय."

ती वस्तू मी जप्त करायला हवी होती. मी नकाशावर सही केली आणि पुढच्या रांगेकडे गेलो.

ही शकिला, दस्तगीरभाईंची मधली मुलगी. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत दस्तगीरभाईंचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाच्या वर घर. भूकंपाच्या पहाटे घरातली सगळी माणसं एकदम जिन्यात आली, जिना अडला, आणि शकिलाने गॅलरीतून खाली उडी टाकली. घोट्याजवळ पाय मोडला. घराला काही झालं नाही. जिन्यात अडकलेली माणसं सावकाश उतरून आली, त्यांना खरचटलंही नव्हतं. गल्लीतले लोक यावरून तिची थट्टा करत आणि ती हसून सोडून देई. माझ्यापाशी मात्र एकदा म्हणाली, "सर, पडायला काहीच येळ लागत न्हाई. काही धरावं म्हणेपर्यंत जमीन येती."

पाय नीट जुळला नाही. दहावीच्या वर्षी पुन्हा ऑपरेशन झालं आणि परीक्षा बुडाली. पुढच्या वर्षी ती बसलीच नाही. मी दोनदा घरी गेलो. दस्तगीरभाई मान खाली घालून सोल्डरिंग करत होते. म्हणाले, "मैं कुछ नहीं बोलतौं सर, उसकूच पूछो." तिला विचारलं, तर म्हणाली, "शाळा कुठं पळून चाललीय सर?" शाळा कुठे गेली नाही, पण शकिलाही परत आली नाही. मला ते बरेच दिवस लागून राहिलं.

तिचं दुकानात बसणं तेव्हापासूनचं. दस्तगीरभाई त्या काळी टीव्ही गेमचं यंत्र आणि कॅसेटी दिवसाच्या भाड्याने देत. मग नवीन यंत्रं आली, जुन्या कॅसेटी त्यांना बसेनात, कंपन्यांनी जुने सुटे भाग द्यायचं थांबवलं. लोक यंत्रं उकिरड्यावर टाकू लागले. शकिलाने दुकानावर खडूने एक ओळ लिहिली: "बंद पडलेलं आणा. फेकलेलंही चालेल." एकाचा खटका काढून दुसऱ्याला बसवायचा, तिसऱ्याची तार चौथ्याला, असं करत तिने ती यंत्रं चालती ठेवली. कुणी म्हणालं, आता हे कोण खेळतं, तर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "न का खेळंना. चालू तर असू दे."

दरम्यान लातूर बदललं. बोर्डाच्या निकालात इथली मुलं पुढे येऊ लागली तशी सगळ्या मराठवाड्यातून मुलं यायला लागली. मुदखेडची, हिमायतनगरची, उदगीरची. एका खोलीत चौघं, मेसचा डबा, सकाळी सहाला पहिली बॅच, रविवारी टेस्ट. शकिलाने दोन हजार चारच्या सुमाराला ट्यूशन एरियाच्या मागच्या गल्लीत आठ कॉम्प्युटरचं दुकान काढलं. भिंतीकडची दोन टेबलं मुलींची. नियम एकच, पण कडक. एका मुलाला दिवसाला एक तास. बसायच्या आधी ती विचारायची, "उद्या टेस्ट हाय का?" मुलगा अडखळला की म्हणायची, "ऊठ."

तरी एका क्लासचे संचालक आप्पासाहेब एकदा तणतणत आले. मी तिथेच होतो.

"शकिलाबाई, तुम्ही आमच्या पोरांचं वाटोळं करून राहिल्या."

"तुमी पोराला किती तास बसवता आप्पासाहेब?"

"चौदा. सोळा म्हणा."

"मी एक बसवते. आता कुणाकडं वाटोळं जास्त होतंय ते तुमीच सांगा. गणित तुमच्याकडंच शिकवतात."

पुढे आप्पासाहेबांचा पुतण्याही तिथे येऊ लागला. त्यालाही तासाचाच नियम होता.

दोन हजार सहात 'सात बुरूज' नावाचा खेळ आला. पुण्यातल्या चार-सहा मुलांच्या एका लहान कंपनीने तो केला होता. चौघांनी मिळून पाण्याची पखाल, म्हणजे चामड्याची पिशवी, पायथ्यापासून सातव्या बुरुजापर्यंत न्यायची. वाटेत पहारेकरी, बंद दारं, तुटके कठडे. प्रत्येक बुरुजाची रीत वेगळी. खेळातली माणसं मराठीत बोलायची, एकमेकांना शिव्या न देता टोमणे मारायची. शकिलाने आठही कॉम्प्युटरसाठी त्याच्या सीड्या विकत घेतल्या. खेळ इंटरनेटवरून चालायचा, म्हणजे इथला मुलगा नांदेडच्या मुलाबरोबर पखाल उचलू शकत होता.

दोन वर्षांनी त्या कंपनीने खेळणाऱ्यांना कळवलं की पाचवा बुरूज नव्याने बांधायचा आहे, कल्पना पाठवा. शकिलाने आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने बुरूज काढला. त्याला पायऱ्याच नव्हत्या. भिंतीतून बाहेर आलेले दगड होते, एकावरून दुसऱ्यावर उडी मारत जायचं, आणि खालून सतत वारा. कागदाच्या कोपऱ्यात तिने लिहिलं होतं: "इथं माणूस सावकाश पडावा. पडता पडता दुसरी जागा धरता आली पाहिजे." कागद पाठवण्याआधी तिने तो मला दाखवला. मी शुद्धलेखन तपासलं.

कंपनीने तो बुरूज घेतला. सर्वांत वरच्या दगडावर अक्षरं कोरली: "रचना: शकिला दस्तगीर, लातूर". हे तिने मला सांगितलं नाही, तिच्या दुकानातल्या मुलांनी सांगितलं. मला हे खेळ जमत नाहीत, पण ती अक्षरं बघायची होती म्हणून मी जाऊन बसलो. तीनदा पडलो. खरोखरच सावकाश पडत होतो, वाळत घातलेलं धोतर वाऱ्याने खाली यावं तसा.

"पडा सर," ती मागून म्हणाली. "काय होत न्हाई."

दोन हजार बाराच्या मे महिन्यात ती लहान कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली आणि खेळ सुरू करताना एक सूचना दिसू लागली. तीस जूनला संध्याकाळी सहा वाजता 'सात बुरूज' कायमचा बंद होईल. शकिलाने त्यांना पत्र पाठवलं. इंग्रजीतून उत्तर आलं. तिला ते समजलं होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून मी वाचून सांगितलं. आपण खेळ विकत घेतलेला नसून तो वापरण्याची परवानगी घेतली होती, सेवा थांबवण्याचा अधिकार कंपनीकडे आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.

"सहकार्य कधी केलं मी?" शकिला म्हणाली.

मी समजावलं. "शकिला, नवा खेळ येईल. शेवटी खेळच आहे."

"तुमच्यासाठी खेळ हाय सर. माझं नाव लिहिलेली दुसरी कुठली जागा हाय का लातुरात? शाळेच्या बोर्डावर न्हाई, दुकानावर अब्बाचं हाय. ती एक जागा हाय. त्यांनी बंद करायचं ते करावं. मी चालू ठेवणार."

कसं, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असणारा माणूस पुढच्या रविवारी नांदेडहून आला. बसवराज उदगीरचा, अकरावी-बारावीला तिच्या दुकानात बसलेला, पुढे नांदेडला इंजिनिअर होऊन तिथेच नोकरीला लागलेला. दुकानातल्या सगळ्या मुलांसारखा तोही शकिलाला आपा, म्हणजे ताई, म्हणे. त्याने आम्हाला समजेल असं सांगितलं.

"आपा, तुमच्या सीडीत किल्ला हाय. भिंती, दगड, चित्रं, सगळं. पण दार कधी उघडायचं, पहारेकरी कधी वळायचा, उडी कुठवर जायची, हे कंपनीचा सर्व्हर ठरवतो. तो बंद झाला की किल्ला नुसता उभा. आपल्याला तसाच सर्व्हर स्वतः लिहावा लागंल."

"मग लिही."

"तिकडं काय ठरतंय ते आधी कळाय पायजे. वायरीवरून जे जातंय-येतंय ते मी साठवून ठेवतो. पण त्याचा अर्थ लावायचा तर कुणी काय केलं आन् काय झालं, ते कुणीतरी वहीत लिहिलेलं पायजे. सेकंदासकट. सातही बुरूज. दीड महिन्यात."

तेव्हा मुलींच्या टेबलावरून आवाज आला. "आपा, नंबर वाटून द्या की." ही शिवांगी, डॉक्टरकीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसणारी मुलगी.

बाहेरच्यांना हे सांगायला हवं. मोठ्या परीक्षांमध्ये प्रश्नपत्रिका बाहेर आणता येत नसे. तेव्हा काही क्लासवाले आधीच मुलांना नंबर वाटून देत. तू एक ते पाच पाठ करून ये, तू सहा ते दहा. परीक्षा संपली की मुलं मैदानात बसून आपापले पाच प्रश्न लिहून काढत आणि तासाभरात सगळा पेपर जोडून तयार होई. आमच्या मुलांना जेवायला बसण्याइतकं हे अंगवळणी पडलेलं होतं.

चौतीस मुलं तयार झाली. कुणाला पहिल्या बुरुजाचे पहारेकरी, कुणाला तिसऱ्याची दारं, कुणाला पखालीतून पाणी किती वेळात किती गळतं ते. चौतीस रजिस्टरं आणली. निवृत्त माणूस म्हणून ती सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. चार ते सात मी दुकानात बसे, वह्या देई, परत घेई, तारीख टाके. एरवी टेस्टसाठी वापरायची स्टॉपवॉच मुलांच्या गळ्यात होती. शिवांगी एका पहारेकऱ्यासमोर पावणेतीन तास उभी राहिली आणि तो अकराव्या फेरीनंतर एकदा शिंकतो, हे तिने नोंदवलं. त्या दीड महिन्यात तासाचा नियम शकिलाने मोडला, पण टेस्टचं विचारायचं सोडलं नाही.

तीस जूनला सगळे जमले. तेवढ्या एका दिवशी शकिलाने टेस्टचं विचारलं नाही. शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा मुलं ठरवल्यासारखी पाचव्या बुरुजावर गेली आणि एकामागून एक पडत राहिली. सहा वाजता पडद्यावर आलं: "संपर्क तुटला आहे." शकिला म्हणाली, "चला, उठा. उद्या रविवार हाय. टेस्ट हाय तुमची."

बसवराजने पुढचे पाच महिने रविवार रविवार बसून सर्व्हर लिहिला. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तो घेऊन आला. खेळ सुरू झाला. पहिला बुरूज, दुसरा, तिसरा, चौथा, सगळं पूर्वीसारखं. अकराव्या फेरीनंतर पहारेकरी शिंकला तेव्हा मुलं बाकं बडवायला लागली. पाचव्या बुरुजावर शकिला स्वतः बसली. तिने पहिली उडी मारली आणि धोंड्यासारखी खाली गेली. पुन्हा मारली, पुन्हा तेच. दुसरा दगड धरायच्या आत जमीन येत होती.

बसवराजने तपासलं. पाचव्या बुरुजाच्या वेळी जूनमध्ये भारनियमनात वीज गेली होती आणि वायरीवरून साठवलेला तेवढाच भाग खराब झाला होता. तिथे त्याने वह्यांवरूनच आकडा घेतला होता.

"वह्यांत काय हाय?"

"नऊ पॉइंट आठ. पाची पोरांनी तेच लिहिलंय आपा. पाच जणांचं सारखं हाय म्हणजे बरोबरच असणार."

पडताना वस्तूचा वेग किती भराभर वाढतो, त्याचा हा आकडा. पडायला किती वेळ लागला त्यावरून मुलांनी तो काढायचा होता. विज्ञानाच्या पुस्तकात त्याला 'जी' म्हणतात आणि तो ९.८ असतो. शकिलाने पाचही वह्या उघडून शेजारी शेजारी मांडल्या आणि बराच वेळ बघत राहिली.

"पाच जणांचं सारखं हाय म्हणूनच चूक हाय," ती म्हणाली. "पाच पोरं, पाच घड्याळं. सारखं कसं येईल रे?"

हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. वह्या मीच रोज बघत होतो. पाच उत्तरं जुळलेली पाहून मला बरं वाटलं होतं. तीस वर्षं पेपर तपासण्याची सवय, दुसरं काय.

त्या पाचांतला वैजनाथ समोरच बसला होता. हिमायतनगरचा, भौतिकशास्त्रात क्लासमध्ये पहिला येणारा. तो उठून उभा राहिला.

"आपा, घड्याळात येगळं यायलं होतं. बाकीच्या बुरुजावर बरोबर यायचं, इथंच कमी. मला वाटलं माझं बोट चुकायलंय. जी तर नऊ पॉइंट आठच असतो ना."

"मग?"

"खोडून बरोबर केलं."

"बरोबर केलं," शकिला म्हणाली. "खोडलेलं किती होतं?"

"सात काहीतरी. आठवत न्हाई."

उरलेल्या चौघांनीही तेच केलं होतं. एकमेकांना न विचारता. शकिला त्यांच्यावर रागावली नाही. फक्त म्हणाली, "लेकरांनो, वारा मी लावला होता तिथं. पुस्तकानं न्हाई."

बसवराज दमला होता. म्हणाला, "आपा, सात ठेवू. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

कंपनीचा सर्व्हर बंद झालेला, वह्यांतला आकडा पुसलेला. उरली फक्त ती. त्या बुरुजावरून ती चार वर्षं पडत आली होती. तिने खुर्ची पुढे ओढली आणि बसवराजला सांगितलं, आकडा बदलत जा, मला सांगू नको. ती पडायची आणि बोलायची. "जड हाय." "अजून जड." "आता उडायलाय, कागदावानी." "जवळ आलं." असे तीन रविवार गेले. मुलं कंटाळून निघून जात, दस्तगीरभाई दारात खुर्ची टाकून बसत. तिसऱ्या रविवारी दुपारी ती पडता पडता सहज डावीकडचा दगड धरून थांबली आणि म्हणाली, "हां. हाच."

आकडा होता ७.१. बसवराजचा विश्वास बसेना. त्याने मुद्दाम इकडचे तिकडचे आकडे घातले, मध्येच पुन्हा ७.१ घातला. सहा वेळा. सहाही वेळा तिने ७.१ वरच बोट ठेवलं. मग वैजनाथने घड्याळ घेऊन पाच उड्या मोजल्या आणि वेळेवरून आकडे काढले: ७.१, ७.०, ७.२, ७.१, ७.१. वहीत पाचही आकडे जसे आले तसे लिहिले, एकही न बदलता, आणि म्हणाला, "असंच यायलं होतं आपा. असंच."

दस्तगीरभाईंना काय चाललंय ते नीट कळलं नव्हतं, पण मला म्हणाले, "सर, पोट्टी बहुत जिद्दी है. मेरी माँ पे गई."

खेळ सुरू झाल्याची बातमी मुलांनीच पसरवली. नांदेडची, मुदखेडची जुनी मुलं पुन्हा जोडली गेली. फेब्रुवारीत मोठ्या कंपनीची नोटीस आली. पंधरा दिवसांत हे बंद करा, नाहीतर कारवाई. बसवराजचा चेहरा उतरला. त्याची नोकरी होती, लहान मुलगी होती. शकिला म्हणाली, "तुझं नाव कुठंच यायचं न्हाई. पोरांचं बी न्हाई. दुकान माझं, बुरूज माझा. सर, माझ्या एकटीच्या नावानं उत्तर लिहा."

मी लिहिलं. "आपणांस नम्र विनंती की" अशी सुरुवात केली, दिलगिरीचं एक वाक्य घातलं, सहानुभूतीने विचार व्हावा असं लिहिलं. शकिलाने कागद वाचला आणि माझ्याच लाल पेनाने विनंती खोडली. मग दिलगिरी. मग सहानुभूती. खाली काही उरलं नाही.

"सर, तुमी लई गोड लिहिता. मी सांगते, तुमी नुसतं उतरून घ्या."

पाठवलेल्या पत्राची प्रत माझ्याकडे आहे. ती अशी:

"तुमची नोटीस मिळाली. खेळ तुम्ही बंद केला, आम्ही नाही. आम्ही तो विकत घेतला होता. सीड्या दुकानात आहेत, येऊन बघा. तुमच्या घरातलं आम्ही काही उचललेलं नाही. तुमचं दार उघडं होतं तोवर आम्ही जे पाहिलं ते वहीत लिहिलं आणि पुढचं आमचं आम्ही केलं. चौतीस वह्या आहेत, त्याही बघा. पाचवा बुरूज माझा आहे. त्यावर माझं नाव तुमच्याच माणसांनी कोरलं आहे. तो बंद करायचा असेल तर आधी मला विचारायला पाहिजे होतं. विचारलंत तर मी नाही म्हणते."

"खाली 'आपली विश्वासू' लिहू?" मी विचारलं.

"नुसतं नाव लिहा."

रजिस्टर पोस्टाने पत्र गेलं. पोचपावती सहीशिक्क्यासह परत आली. पंधरा दिवस झाले. सोळाव्या दिवशी सकाळी मी जरा लवकरच दुकानाकडे गेलो. शकिला शटर वर करत होती. रात्रभर चालू ठेवलेल्या आठही पडद्यांवर किल्ला दिसत होता. त्या पत्राला उत्तर आलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

त्यानंतर बरंच काही बदललं. मुलांच्या हातात मोबाइल आले, क्लासचे पेपर मोबाइलवर गेले, नंबर वाटून द्यायची रीत संपली. वैजनाथ डॉक्टर होऊन गावाकडे परतला. शिवांगीला डॉक्टरकी मिळाली नाही. ती लातुरातच एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते आणि मुलांना सांगते की सूक्ष्मदर्शकात जे दिसतं ते काढा, पुस्तकातलं नको. दस्तगीरभाई वारले. आठ कॉम्प्युटरांतले पाच आता झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्यासाठी आहेत. उरलेल्या तिन्हींवर 'सात बुरूज' आहे. रोज कुणी खेळतं असं नाही. मागच्या आठवड्यात मी विचारलं, आज किती जण होते. म्हणाली, "दोघं. एक मुदखेडचा, एक मीच."

शकिला आता शेहेचाळीस वर्षांची आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती सकाळच्या एसटीने नांदेडला जाते, दुकानातला सर्व्हर बंद पडला तरी खेळ चालू राहावा म्हणून बसवराजच्या घरी ठेवलेल्या दुसऱ्या सर्व्हरवर ताजी प्रत चढवते आणि संध्याकाळच्या गाडीने लातूरला परत येते.